दुसरी धाप संध्याकाळी आली

डस्ट माइटचा, म्हणजे घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म जीवाचा, अर्क मुद्दाम छातीत ओढून घ्यायला मी आपणहून गेले, हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, पण कशासाठी? कारण साधं आहे. मला लहानपणापासून सौम्य दमा आहे आणि मी जीवशास्त्र शिकवते. ॲलर्जीच्या प्रकरणात ‘तात्काळ प्रतिक्रिया’ आणि ‘उशिराची प्रतिक्रिया’ अशी दोन उपशीर्षकं असतात. पहिलीखाली मास्ट पेशी, आयजीई, हिस्टामिन असं सगळं नीट मांडलेलं असतं. दुसरीखाली जेमतेम एक वाक्य: काही तासांनी त्या जागी पांढऱ्या पेशी जमा होतात. जमा होतात म्हणजे काय? बोलावतं कोण त्यांना? रक्त तर सगळ्या अंगभर फिरतं, मग नेमकं श्वासनलिकेपाशीच उतरायचं हे त्यांना कुठून कळतं? वर्गात दरवर्षी कुणीतरी हे विचारतं आणि मी ‘केमोकाइन’ असं फळ्यावर लिहून पुढे सरकते. एका संशोधन केंद्राला ॲलर्जन चॅलेंजच्या (ज्याची ॲलर्जी आहे तेच मुद्दाम हुंगवून काय होतं ते बघण्याच्या) अभ्यासासाठी सौम्य दम्याचे स्वयंसेवक हवे आहेत असं कळलं, तेव्हा नाव देऊन टाकलं.

हा प्रकार घरी करून बघायचा नसतो, हे वेगळं सांगायला नको. शेजारी डॉक्टर, ऑक्सिजन, नेब्युलायझर, हाताला सुई लावून ठेवलेली, एवढी तयारी असते. निवडही कडक असते. दमा सौम्यच हवा, एका सेकंदात जोराने बाहेर फुंकलेली हवा (हिला एफईव्ही-वन म्हणतात) अपेक्षेच्या ७० टक्क्यांहून जास्त हवी, रोजचा स्टेरॉइड पंप चालू नको, अलीकडे सर्दी-खोकला झालेला नको. मग त्वचेवर अर्काचे वेगवेगळे पातळ केलेले थेंब टोचून बघतात आणि मेथॅकोलिन हुंगवून श्वासनलिका किती चटकन आकसते ते मोजतात. या दोन आकड्यांवरून तुमच्यासाठी कितीपासून सुरुवात करायची ते ठरतं. मेथॅकोलिनचा माझा आकडा ४ निघाला. म्हणजे मिलिलिटरला ४ मिलिग्रॅमच्या द्रावणाने माझी फुंक २० टक्क्यांनी घटली. ज्यांना दमा नाही त्यांना १६ मिलिग्रॅमनेही सहसा तेवढा फरक पडत नाही.

चॅलेंजआधी एक दिवस नुसतं मिठाचं पाणी हुंगवतात, तुलनेसाठी. त्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दिवसभर फुंकत बसायचं, एवढंच.

खरा दिवस सकाळी लवकर सुरू झाला. नाकाला चिमटा, तोंडात नळी, दोन मिनिटं साधा श्वास. मग थांबायचं आणि दहा मिनिटांनी स्पायरोमीटरवर फुंकायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना तंत्रज्ञ बाईंचा तो सूर आठवेल: ‘पूर्ण भरा, भरा, भरा… फुंका! जोरात, अजून, अजून, सोडू नका, अजून!’ फरक नाही पडला की अर्काचं प्रमाण दुप्पट. माझी सुरुवातीची फुंक २.९ लिटरची होती. पहिल्या काही पायऱ्यांत ती तिथेच घोटाळत राहिली आणि मला वाटायला लागलं की माझी ॲलर्जी बहुतेक ओसरली. पुढच्या पायरीवर घशात खवखव झाली, कोरडा खोकला सुटला, आणि छातीत ओळखीची शिट्टी वाजायला लागली. २.६. मग २.४. मग २.२. म्हणजे २४ टक्क्यांनी खाली. २० टक्क्यांची रेष ओलांडली की अर्क देणं बंद.

हे सगळं मास्ट पेशींचं काम. श्वासनलिकेच्या अस्तरात त्या आधीपासूनच ठाण मांडून असतात. त्यांच्या अंगावर माइटविरोधी आयजीई प्रतिपिंडं चिकटलेली असतात. माइटचं प्रथिन दोन शेजारच्या आयजीईंना एकदम अडकलं की काही मिनिटांत हिस्टामिन बाहेर पडतं, पाठोपाठ ल्युकोट्राइन आणि प्रोस्टाग्लँडिन डी-टू. स्नायू आवळतो, श्लेष्मा सुटतो, शिट्टी वाजते. यात बाहेरून कुणी यावं लागत नाही. म्हणूनच ही धाप लगेच येते आणि लगेच ओसरते. मला पंप दिला नाही, नुसतं बसवून ठेवलं. दीड-दोन तासांत आकडा २.८ वर परतला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी ‘बरं वाटतंय’ म्हणून कामाला लागले असते.

इथून पुढचे तास विचित्र होते. काही होत नव्हतं. अर्क संपला, खोली स्वच्छ, हवा गाळलेली, मी पुस्तक वाचत बसलेली, आणि दर तासाला फुंक. तिसऱ्या तासाला २.८. चौथ्याला २.६. मला जाणवलंही नव्हतं, कागदावर दिसलं म्हणून कळलं. सहाव्या तासाला आकडा २.३ वर आला, म्हणजे जवळजवळ २१ टक्के खाली. सकाळपासून एक कणही नव्याने आत गेला नव्हता.

ही धाप सकाळच्या धापेसारखी नव्हती. शिट्टी कमी, ओझं जास्त. श्वास वरच्या वर चालल्यासारखा. खोकून मोकळं होईल असं वाटायचं, पण व्हायचं नाही. सकाळी स्नायूने नळी आवळली होती. आता तिची भिंतच आतून सुजली होती. चॅलेंज घेतलेल्या सगळ्यांनाच ही दुसरी घसरण येत नाही, साधारण निम्म्यांना येते. ज्यांना दोन्ही येतात त्यांना ‘ड्युअल रिस्पॉन्डर’ म्हणतात. अभ्यासाला तसेच लोक हवे होते. माझा आलेख बघून डॉक्टर खूश झाले, हे मला त्या अवस्थेत फारसं रुचलं नाही.

मधल्या शांत तासांत आत काय चाललं होतं, ते मी नंतर त्यांच्याकडून सविस्तर समजून घेतलं. मास्ट पेशी हिस्टामिन सोडून गप्प बसत नाहीत. त्यांचं प्रोस्टाग्लँडिन डी-टू स्वतःच एक हाक असते. इओसिनोफिल, बेसोफिल आणि टी-एच-टू या पांढऱ्या पेशींवर ती ऐकणारा ग्राहक (रिसेप्टर) असतो. शिवाय दुखावलेलं अस्तर टीएसएलपी आणि इंटरल्युकिन-३३ ही निरोप देणारी प्रथिनं सोडतं. त्यावर टी-एच-टू पेशी आणि आयएलसी-टू नावाच्या लिम्फॉइड पेशी जाग्या होतात आणि इंटरल्युकिन-४, ५ आणि १३ बनवू लागतात. या तिघांची कामं वेगवेगळी आहेत, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

इंटरल्युकिन-५ चा रोख अस्थिमज्जेकडे असतो. तिथे इओसिनोफिलचा तयार साठा असतो. तो रक्तात सोडायला लावणं, नव्या पेशी घडवायला लावणं आणि ऊतीत पोचलेल्या पेशी लवकर मरू न देणं, हे त्याचं काम. इंटरल्युकिन-४ आणि १३ जागेवरच काम करतात. ते केशिकांनंतरच्या बारीक शिरांच्या आतल्या भिंतीवर व्हीकॅम-वन नावाचं चिकट प्रथिन उगवायला लावतात. आणि अस्तराच्या पेशी, स्नायू, फायब्रोब्लास्ट यांच्याकडून इओटॅक्सिन बनवून घेतात.

इओटॅक्सिन हे केमोकाइन, म्हणजे पेशींना दिशा दाखवणारं छोटं प्रथिन. माणसात पन्नासेक केमोकाइन आहेत. बहुतेक ८ ते १२ किलोडाल्टनच्या आसपासची आणि सिस्टीनच्या (गंधक असलेल्या अमिनो आम्लाच्या) जोड्यांनी घट्ट बांधलेली. हे सिस्टीन पुढे माझ्याच थुंकीच्या नमुन्यात आडवे आले, ते सांगतेच. केमोकाइन रक्तात नुसतं सोडून दिलं असतं तर प्रवाहाबरोबर क्षणात वाहून गेलं असतं. म्हणून ते शिरेच्या आतल्या भिंतीवरच्या हेपरान सल्फेटच्या साखळ्यांना चिकटून बसतं, रस्त्याकडेला रोवलेल्या पाटीसारखं. इओसिनोफिल आधी सिलेक्टिन या हलकी पकड देणाऱ्या प्रथिनांच्या आधाराने भिंतीवरून गडगडत येते. तिच्या अंगावरच्या सीसीआर-थ्री या ग्राहकाला इओटॅक्सिन लागलं की सेकंदाच्या आत तिच्या इंटिग्रिनांचा, म्हणजे घट्ट पकडीच्या प्रथिनांचा, आकार बदलतो, व्हीएलए-फोर हे इंटिग्रिन व्हीकॅम-वनला घट्ट धरतं आणि पेशी थांबते. मग चपटी होऊन, दोन पेशींच्या फटीतून अंग चोरत, बाहेर. पुढे ऊतीतही इओटॅक्सिन जिकडे दाट असेल तिकडे.

रक्तात न्यूट्रोफिल या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी इओसिनोफिलपेक्षा कितीतरी जास्त असतात, मग नेमक्या इओसिनोफिलच का उतरतात, याचं उत्तरही इथेच आहे. न्यूट्रोफिलवर सीसीआर-थ्री जवळजवळ नसतो आणि व्हीएलए-फोरही फारसं नसतं. त्यांना बोलावणारं केमोकाइन वेगळं, इंटरल्युकिन-८. जंतुसंसर्गात ते सुटतं. एकच रक्त, एकच शीर, पण भिंतीवर काय उमटलंय त्यावर कोण उतरणार ते ठरतं.

सातव्या तासाला थुंकी काढायची होती. आधी पंप देऊन श्वास मोकळा करतात, मग ३, ४ आणि ५ टक्के मिठाचं पाणी ओळीने नेब्युलायझरने हुंगायचं. समुद्राचं पाणी छातीत गेल्यासारखं होतं. प्रत्येक वेळी तोंड खळखळून धुवायचं, नाक शिंकरायचं आणि मग अगदी तळातून खाकरून डबीत थुंकायचं. लाळ चालत नाही, बेडका हवा. ‘हे तोंडातलं आहे, हे नको,’ असं तंत्रज्ञ बाई तीन हात अंतरावरून सांगायच्या. शिकलेल्या माणसाला दुसऱ्यासमोर असं थुंकायला किती अवघड जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

विनंती केल्यावर त्यांनी मला प्रयोगशाळेत बसू दिलं. चिमट्याने बेडक्याचे घट्ट तुकडे लाळेतून वेगळे काढले आणि वजन केलं. चिकट श्लेष्मा विरघळवायला डायथायोथ्रायटॉल वापरतात, कारण ते श्लेष्म्यातल्या गंधक-गंधक जोड्या तोडतं. पण केमोकाइनांची घडीही तशाच जोड्यांवर उभी असते. म्हणजे ज्या द्रावणाने पेशी मोकळ्या होतात, त्यानेच इओटॅक्सिन मोजण्यात गोंधळ होऊ शकतो. म्हणून बाईंनी नमुना आधी साध्या बफरमध्ये ढवळून वरचं पाणी बाजूला काढून गोठवलं, केमोकाइन मोजण्यासाठी, आणि मगच खालच्या गाळात डायथायोथ्रायटॉल घातलं. शोधनिबंधांत ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते. प्रत्यक्षात तिच्यावरून दोन माणसं माझ्यासमोर चांगली दहा मिनिटं वाद घालत होती.

मग सायटोस्पिनने काचेवर पेशींचा गोल ठिपका पाडला, राइट-गिम्साचा रंग दिला आणि मला सूक्ष्मदर्शक दिला. मोठ्या, फेसाळ निळसर मॅक्रोफेज लगेच ओळखू आल्या. तीन-चार खंडांचं केंद्रक असलेल्या न्यूट्रोफिल होत्या. आणि त्यांच्यामध्ये, दोन खंडांचं केंद्रक आणि अंगभर नारिंगी-लाल दाणे, अशा इओसिनोफिल. पाउल एर्लिश यांनी १८७९ मध्ये इओसिन रंगाने त्या पहिल्यांदा वेगळ्या ओळखल्या, त्याच रंगाचा हा गुण. पुस्तकातल्या चित्रात प्रत्येक पेशी गोल, टुमदार असते. माझ्या काचेवर काही फुटलेल्या होत्या आणि त्यांचे दाणे भोवती सांडले होते. ते दाणे म्हणजे मेजर बेसिक प्रोटीन, पेरॉक्सिडेज वगैरे. हे सगळं बनलंय मोठ्या परजीवींवर टाकायला, आणि इथे पडतंय माझ्याच अस्तरावर. एका कोपऱ्यात अस्तराच्या पेशींचा एक पुंजका सुटून आलेला होता, त्याच्या कडेला केसाळ सिलिया अजून दिसत होत्या.

बाई यंत्रावर टकटक करत ४०० पेशी मोजतात. चॅलेंजआधी माझ्या थुंकीत इओसिनोफिल ३ टक्के होत्या. सातव्या तासाला १७. दुसऱ्या दिवशी, २४ तासांनी, २२. दुसऱ्या दिवशी मला अगदी ठीक वाटत होतं. पण मेथॅकोलिन पुन्हा हुंगल्यावर माझा आकडा ४ वरून १ मिलिग्रॅमवर आलेला निघाला. म्हणजे धाप नव्हती, पण श्वासनलिका चौपट हळवी झाली होती. धूर, थंड हवा, जिना, काहीही पुरेसं झालं असतं. ‘काल धुळीत गेले होते, पण त्रास आज कशाने होतोय कळत नाही,’ असं दम्याचे रुग्ण म्हणतात ते यामुळेच. आणि श्वासनलिका झटपट सैल करणाऱ्या नुसत्या सॅल्ब्युटामॉलच्या पंपावर राहणाऱ्यांची फसगतही इथेच होते. तो आधी घेतला तर सकाळची धाप अडते, संध्याकाळची अडत नाही. संध्याकाळची अडवतं ते श्वासातून घेतलेलं स्टेरॉइड.

इओटॅक्सिन सापडलं तेही जवळपास अशाच प्रयोगातून. लंडनच्या नॅशनल हार्ट अँड लंग इन्स्टिट्यूटमध्ये पीटर जोस, टिमोथी विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी ॲलर्जी असलेल्या गिनीपिगांना ॲलर्जन हुंगवलं, फुप्फुसं धुऊन ते पाणी घेतलं आणि दुसऱ्या गिनीपिगांच्या त्वचेत टोचलं. त्यांच्या रक्तात किरणोत्सर्गी खूण केलेल्या इओसिनोफिल आधीच सोडलेल्या होत्या. त्या कुठे जमतात ते बघत, पाण्याचे भाग करत करत ते ७३ अमिनो आम्लांच्या एका प्रथिनापर्यंत पोचले. हे १९९४ साली छापून आलं. दोन वर्षांत त्याचा ग्राहक सीसीआर-थ्रीही हाती लागला. मग सगळ्यांना वाटलं, झालं काम. हा ग्राहक बंद करा, इओसिनोफिल येणार नाहीत.

तसं झालं नाही. सीसीआर-थ्री बंद करणारी गोळी दम्याच्या रुग्णांना देऊन पाहिली, तर थुंकीतल्या इओसिनोफिल कमी झाल्या नाहीत. इओटॅक्सिन एकटं नाही, दोन आणि तीन नंबरची भावंडं आहेत. प्रोस्टाग्लँडिन डी-टूसारख्या दुसऱ्या हाका आहेत. एक दार बंद केलं तरी पेशी दुसरीकडून येतात. मला यात आश्चर्य वाटलं नाही, पण त्या काळी औषध कंपन्यांनी यावर किती भिस्त ठेवली होती हे ऐकून वाटलं.

त्याहून मोठा धक्का २००० साली बसला होता. इंटरल्युकिन-५ ला अडवणारं प्रतिपिंड देऊन माझ्यासारख्याच सौम्य रुग्णांवर चॅलेंज केलं गेलं. रक्तातल्या आणि थुंकीतल्या इओसिनोफिल घटल्या, पण उशिराची घसरण जशीच्या तशी राहिली. चाचणीत माणसं फार थोडी होती अशी टीका झाली, ती रास्तच होती. तरी आलेख आलेखच असतो. पुढे २००९ मध्ये हेच प्रतिपिंड निवडक रुग्णांना, ज्यांच्या थुंकीत स्टेरॉइड घेऊनही इओसिनोफिल राहतात अशांना, दिल्यावर दम्याचे तीव्र झटके कमी झाले, आणि २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मेपोलिझुमॅब या नावाने मान्यता मिळाली. म्हणजे औषध उपयोगी आहे, पण चॅलेंजच्या संध्याकाळची धाप आणि इओसिनोफिलचं येणं या दोन गोष्टी मी फळ्यावर जोडत होते तितक्या सरळ जोडलेल्या नाहीत. अस्तरातून निघणारं टीएसएलपी अडवलं तेव्हा मात्र, २०१४ च्या चाचणीत, सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन्ही घसरणी कमी झाल्या. पहिली हाक दाबली तर पुढच्या सगळ्या हाका मंदावतात.

मधे काही आठवडे जाऊ दिल्यावर मला दंडात इंजेक्शन मिळालं. अभ्यासातलं औषध की नुसतं सलाइन, ते मलाही माहीत नाही आणि टोचणाऱ्यालाही नव्हतं. मग तोच दिवस पुन्हा: तोच अर्क, तीच मात्रा, त्याच बाईंचं ‘अजून, अजून’. सकाळची घसरण होती तशीच. संध्याकाळी आकडा २.४ वर उतरला, १७ टक्के. मला वाटलं सलाइनच मिळालं. पण थुंकीत इओसिनोफिल सातव्या तासाला ५ टक्के आणि दुसऱ्या दिवशी ४ टक्के निघाल्या. पेशी फारशा आल्या नाहीत, धाप मात्र जवळपास पहिल्याएवढीच आली.

औषधच मिळालं असावं, हा माझा अंदाज मी डॉक्टरांना सांगितला. ते म्हणाले, कुणाला काय मिळालं त्याचा कोड उघडेपर्यंत तुमचा अंदाज आणि माझा अंदाज सारखाच निरुपयोगी. मग मी विचारलं, इओसिनोफिल नसतील तर संध्याकाळच्या त्या १७ टक्क्यांना जबाबदार कोण? श्वासनलिकेच्या स्नायूत मुक्काम टाकलेल्या मास्ट पेशी तासन् तास ल्युकोट्राइन बनवत राहतात का, रक्तातून उतरलेले बेसोफिल त्यात भर घालतात का, अशा दोन-तीन शक्यता त्यांनी कागदावर काढून दाखवल्या. त्यांच्या पुढच्या अभ्यासात नेमकं हेच तपासायचं आहे, आणि त्यासाठी नळी घालून श्वासनलिकेचे बारीक तुकडे काढावे लागतील. फॉर्म त्यांनी लगेच पुढे केला. मी तो घरी आणला आहे, अजून सही केलेली नाही.